घरचा दुधाचा चहा: आधणापासून बशीपर्यंतचा क्रम

घरी होणाऱ्या दुधाच्या चहाबद्दलच्या तक्रारी ठरलेल्या असतात. आल्याचा चहा मधूनच फाटतो, रंग चढतो पण चव लागत नाही, दोन माणसांचा चहा जमतो आणि दहा जणांचा फुळकवणी होतो, गुळाच्या चहाचे तर नावच काढायला नको. अशा वेळी दोष पावडरच्या कंपनीला किंवा दूधवाल्याला दिला जातो. बहुतेक वेळा सामग्री ठीक असते. जिन्नस भांड्यात पडण्याचा क्रम आणि प्रत्येकाला मिळालेला वेळ चुकलेला असतो. या लेखात दोन कप चहाचे माप धरून तो क्रम सांगितला आहे.

पुढच्या सगळ्या पायऱ्या एकाच नियमावर उभ्या आहेत: जे पाण्यात उतरायचे ते दूध पडण्यापूर्वी उतरले पाहिजे. चहाचा तुरटपणा आणि कडकपणा ज्या टॅनिनवर्गीय द्रव्यांतून येतो, त्यांना दुधातील केसिन हे प्रथिन धरून ठेवते. म्हणूनच दूध घातल्यावर चहा जिभेला मऊ लागतो. परंतु दूध लवकर पडले, तर पाण्यात पुरेसे काही उतरण्याआधीच ही धरपकड सुरू होते आणि मग कितीही उकळले तरी चहा नुसताच तपकिरी आणि दाट होत जातो.

१. पावडरीची निवड, पारख आणि साठवण

दुधाच्या चहाला सीटीसी पद्धतीची दाणेदार पावडर लागते. दातेरी रुळांमधून पाने चिरडून, फाडून आणि वळवून ती तयार करतात. त्यात पानांच्या पेशी फुटलेल्या असल्यामुळे रंग आणि कडकपणा दोन-तीन मिनिटांत पाण्यात उतरतो. दार्जिलिंगची अख्ख्या पानांची चहापत्ती कोणी भेट दिली असेल, तर ती या पातेल्यात टाकू नये. ती उकळण्यासाठी नसते; गरम पाण्यात तीन-चार मिनिटे मुरवून, दुधाशिवाय प्यावी.

दाणेदार पावडरमध्येही फरक असतो. मोठ्या कणीच्या चहाला स्वाद चांगला असतो, पण रंग सावकाश येतो. बारीक डस्ट लगेच कडक होतो आणि एक मिनिट जास्त उकळला की कडवट लागतो. आसामच्या चहात दमदारपणा अधिक, निलगिरीच्या चहात सुगंध अधिक. घरासाठी दोन भाग मोठी कणी आणि एक भाग डस्ट हे मिश्रण मला सर्वांत भरवशाचे वाटते. सुट्या चहाच्या दुकानात असे मिक्श्चर मागितले तर करून देतात. एकदा प्रमाण ठरले की ते बदलू नये, नाहीतर बिघाड नेमका कशाने झाला हे कधीच कळत नाही.

सुटी पावडर घेणाऱ्यांनी एक साधी परीक्षा करावी. गाळण कागदावर किंवा पांढऱ्या टिपकागदावर चिमूटभर पावडर पसरून तिच्यावर थोडे गार पाणी शिंपडावे, थोड्या वेळाने कागद नळाखाली हलक्या हाताने धुवावा आणि उजेडासमोर धरावा. ठळक काळपट-तपकिरी डाग उरले, तर पावडरला रंग दिलेला असण्याची किंवा तिच्यात वापरलेला चहा वाळवून मिसळलेला असण्याची शक्यता असते. पावडरवरून लोहचुंबक फिरवल्यास लोखंडाचा कीसही सापडतो.

साठवणीत होणारी चूक जवळपास सगळ्या घरांत सारखीच असते: डबा शेगडीच्या वरच्या फळीवर, मसाल्याच्या डब्याशेजारी ठेवलेला असतो. चहा ओलावा आणि वास दोन्ही भराभर ओढून घेतो. घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा, शेगडीपासून दूर, आणि त्यात कायम कोरडा चमचा एवढे पुरेसे आहे. मोठे पाकीट आणल्यास आठवड्यापुरती पावडर डब्यात काढून बाकीचे पाकीट घट्ट बांधून ठेवावे. फ्रीजमध्ये ठेवण्याची गरज नाही. उलट गार डबा बाहेर काढला की पावडरला दमटपणा येतो.

तपासणी: डबा उघडल्यावर चहाचा वास लगेच यायला हवा. हिंगाचा, धण्याचा किंवा काहीच वास येत नसेल, तर पुढच्या पायऱ्या कितीही नीट केल्या तरी उपयोग होणार नाही.

२. माप, भांडे आणि दुधाची तयारी

चहा सुरू करण्यापूर्वी सगळे जिन्नस ओट्यावर मांडलेले असावेत, कारण एकदा आधण ठेवले की आले शोधायला आणि वेलदोडे सोलायला वेळ नसतो. १५० मिलीलिटरच्या दोन कपांसाठी हे माप धरावे:

पाणी २०० मिलीलिटर, म्हणजे सव्वा कपाहून थोडे जास्त.
दूध १५० मिलीलिटर, म्हणजे एक कप.
चहा पावडर दोन सपाट लहान चमचे, म्हणजे साधारण ५ ग्रॅम.
साखर दोन ते तीन लहान चमचे.
आले अर्धे पेर, किंवा गवती चहाची दोन लांब पाती.
वेलदोडे दोन, हवे असल्यास.

एकूण ३५० मिलीलिटर घेऊन ३०० मिलीलिटर चहा मिळतो, कारण थोडे पाणी वाफेबरोबर जाते आणि थोडे चोथ्यात राहते. ज्या कपातून चहा प्यायचा त्याच कपाने पाणी आणि दूध मोजावे. ‘अंदाजे’ पाणी ओतण्याची सवय इतकी रुळलेली आहे, की चहा पाणचट झाला तर पावडर वाढवली जाते, मग तो कडू झाला म्हणून साखर वाढते, आणि मुळात जास्त झालेल्या अर्ध्या कप पाण्याकडे कोणाचेच लक्ष जात नाही. चमचा सपाट असावा. शिगोशीग भरलेल्या चमच्यात सपाट चमच्याच्या दीडपट, कधी दुप्पटही पावडर येते.

दुधाच्या प्रकाराप्रमाणे पाणी कमीजास्त करावे. टोन्ड दुधात स्निग्धांश ३ टक्के असतो आणि फुल क्रीम दुधात ६ टक्के. वर दिलेले प्रमाण टोन्ड किंवा गाईच्या दुधासाठी आहे. फुल क्रीम किंवा म्हशीच्या दुधाला पाणी २३० आणि दूध १२० मिलीलिटर घ्यावे. परदेशात राहणाऱ्यांनी दुकानातील कमी स्निग्धांशाची दुधे टाळावीत; अमेरिकेत ‘होल मिल्क’ म्हणून मिळणाऱ्या दुधात किमान ३.२५ टक्के स्निग्धांश असतो, म्हणजे ते आपल्या टोन्ड दुधाच्या जवळचे असते आणि वरच्या प्रमाणात बरोबर बसते. दूध पावडर वापरायची असल्यास ती वेगळ्या भांड्यात कोमट पाण्यात कालवून गुठळ्या मोडाव्यात आणि मगच दूध म्हणून वापरावी. उकळत्या चहात कोरडी पावडर टाकली की गुठळ्या ठरलेल्याच.

दूध फ्रीजमधून काढून थेट चहात ओतणे ही घरोघरची सर्वांत मोठी चूक आहे. गार दुधाने चहाचे तापमान एकदम खाली येते, पुन्हा उकळी यायला वेळ लागतो आणि तेवढा वेळ चहा कोमट अवस्थेत रेंगाळतो. या रेंगाळण्यातच आल्याचा चहा फाटण्याचे एक कारण दडलेले आहे. ते पुढे येईल. दूध दुसऱ्या शेगडीवर वाफ येईपर्यंत तापवून तयार ठेवावे. सुटे दूध असेल तर ते आधी नीट उकळलेले असणे आवश्यक आहे.

भांडे जाड बुडाचे स्टीलचे आणि चहाच्या दुप्पट मापाचे घ्यावे. पितळेचे पातेले वापरायचे असेल, तर त्याला आतून कल्हई असल्याची खात्री करावी.

पाण्याबद्दल थोडे सांगणे भाग आहे. बोअरच्या क्षारयुक्त पाण्यात चहा मंद रंगाचा होतो आणि कोरा चहा केल्यास त्यावर पातळ, तेलकट दिसणारा तवंग येतो. हा तवंग पाण्यातील कॅल्शियम व बायकार्बोनेट यांच्यामुळे धरतो. पावडर त्याला जबाबदार नसते. ज्या भांड्यात रोज पाणी तापते त्याच्या बुडाशी पांढरा थर जमत असेल, तर चहापुरते गाळण यंत्राचे पाणी वापरावे.

सावधान: भांड्याला, गाळणीला किंवा चमच्याला ताक, लिंबू किंवा चिंच यांचा अंश लागलेला नसावा. दूध फाटायला तेवढेही पुरते.

३. आधण, आले आणि गवती चहा

मोजलेले पाणी मोठ्या आचेवर ठेवावे आणि आले गार पाण्यातच टाकावे. आले किसल्यास रस लवकर उतरतो, पण धागे गाळणीत अडकतात. खलबत्त्यात ठेचल्यास चव तेवढीच येते आणि चहा स्वच्छ राहतो. मी ठेचण्याच्या बाजूचा आहे. आले न सोलता, नुसते नीट धुऊन ठेचले तरी चालते, फक्त खाचांमधील माती निघालेली असावी. नव्या हंगामातले कोवळे आले रसाळ आणि सौम्य असते, उन्हाळ्यातले जून आले तिखट आणि धागेदार. जून आले असेल तर प्रमाण थोडे कमी करावे.

पाण्याला खळखळून उकळी आली की आच मध्यम करून आले पूर्ण दोन ते तीन मिनिटे उकळू द्यावे. ही वेळ चवीसाठी आहेच, पण तिचे दुसरे काम अधिक महत्त्वाचे आहे. कच्च्या आल्यात प्रथिने तोडणारे एक विकर असते आणि ते दुधाच्या प्रथिनांवर काम करून दूध फाडते. साधारण ६० ते ७० अंश सेल्सिअसच्या आसपास ते सर्वांत जोमाने काम करते आणि उकळत्या पाण्यात थोड्या वेळात निकामी होते. चीनच्या ग्वांगडोंग भागात गरम दुधात आल्याचा ताजा रस ओतून दूध मुद्दाम घट्ट विरजवतात आणि गोड पदार्थ म्हणून खातात. आपल्या पातेल्यात नेमके तेच नको असते. म्हणून आले दुधाबरोबर किंवा दुधानंतर टाकणे, आणि त्यातही दूध गार असणे, म्हणजे विकराला हवे ते सगळे आपणच पुरवणे होय. सुंठ वापरली, तर हा धोका जवळजवळ उरत नाही. चिमूटभर सुंठ पावडरीबरोबर टाकावी.

गवती चहाची पाती धुऊन कात्रीने दोन-दोन इंचांचे तुकडे करावेत किंवा पात्यांची गाठ मारून टाकावी. गाठ मारलेली पाती काढायला सोपी जातात. त्यांनाही आल्याइतकाच वेळ द्यावा, मात्र झाकण ठेवून, कारण त्यांचा सुगंध उडून जाणाऱ्या तेलात असतो. गवती चहाला लिंबासारखा वास येतो, म्हणून दूध फाटेल या भीतीने काही जण तो चहा गाळताना वरून घालतात. ही भीती निराधार आहे. पात्यात लिंबाचा वास असतो, आंबटपणा नसतो. आले आणि गवती चहा दोन्ही घालायचे असतील, तर दोहोंचे प्रमाण निम्मे करावे. पूर्ण मापाने दोन्ही घातले की चहाला काढ्याची कळा येते.

वेलदोड्यांचे दाणे काढून बाजूला ठेवावेत आणि टरफले आल्याबरोबर पाण्यात टाकावीत. दाण्यांची वेळ अजून आलेली नाही.

साखर या टप्प्यावर टाकावी, म्हणजे ती पूर्ण विरघळते. घरात कोणी बिनसाखरेचा चहा घेत असेल, तर साखर शेवटी ज्याच्या त्याच्या कपात घालणेच बरे. साखर आधी जाळली किंवा आधी उकळली तर चहा ‘कडक’ होतो, ही समजूत सोडून द्यावी. त्याने रंग गडद होतो, चहाचा अर्क वाढत नाही.

तपासणी: पाण्याला किंचित पिवळसर छटा आली असावी आणि वाफेला आल्याचा स्पष्ट वास यावा. वास येत नसेल, तर आणखी एक मिनिट थांबावे.

४. पावडर टाकणे

आता उकळत्या पाण्यात पावडर टाकावी. पाणी खळखळत असतानाच ती पडली पाहिजे. कोमट पाण्यात पडलेली पावडर भिजून तळाशी बसते आणि अर्क असमान उतरतो. पावडर पडताच फेस वर येतो, म्हणून आच क्षणभर कमी करावी, फेस बसला की मध्यम करावी आणि दोन मिनिटे उकळू द्यावे. बारीक डस्ट असेल तर दीड मिनिट पुरे, नुसती मोठी कणी असेल तर अडीच ते तीन मिनिटे.

ही दोन मिनिटे बहुतेकांना जास्त वाटतात आणि दूध लगेच ओतले जाते. सुरुवातीला सांगितलेला नियम इथेच मोडतो. उलट काही घरांत पावडर गार पाण्यातच टाकून आधण ठेवण्याची पद्धत आहे. त्यात पाणी तापेपर्यंतचा सगळा वेळ अर्क उतरत राहतो, आणि पाणी कधी किती तापले यावर चव अवलंबून राहिल्याने दोन दिवसांचे चहा कधीच सारखे होत नाहीत.

महाबळेश्वरसारख्या सुमारे १,३५० मीटर उंचीच्या ठिकाणी पाणी ९५-९६ अंशांनाच उकळते. तिथे आले आणि पावडर या दोन्ही टप्प्यांना थोडा जास्त वेळ द्यावा.

तपासणी: चमच्यात थोडा अर्क घेऊन पांढऱ्या बशीत ओतावा. तो लालसर-तपकिरी आणि पारदर्शक दिसला पाहिजे. फिकट नारिंगी दिसला तर अर्धा मिनिट आणखी. काळपट दिसला तर पावडर किंवा वेळ जास्त झाली आहे आणि दूध ताबडतोब घालावे.

५. दूध घालणे आणि चढवणे

तापवलेले दूध आता एका धारेने घालावे. आच मोठी करून पहिली उकळी येऊ द्यावी. दूध तापलेले असेल तर ही उकळी मिनिटाभरात येते, आणि आल्याच्या विकराचा काही अंश चुकून उरलाच असेल तरी त्याला काम करायला वेळ मिळत नाही.

पहिली उकळी वर चढताना आच कमी करावी किंवा भांडे सांडशीने उचलावे, उकळी खाली बसू द्यावी आणि पुन्हा चढवावे. असे दोन किंवा तीन वेळा करावे. त्यानंतर मंद आचेवर एक ते दोन मिनिटे. डावाने चहा वर उचलून धारेने परत सोडला, तर साय धरत नाही आणि चहा एकजीव होतो. यापेक्षा जास्त वेळ उकळल्यास दूध आटल्याची चव येते. ती ज्यांना आवडते त्यांनी जरूर उकळावे, पण मग सुरुवातीचे पाणी अर्धा कप वाढवावे, म्हणजे चहा आटून कडू होणार नाही.

पुण्यातील अमृततुल्य दुकानांमध्ये मात्र दूध, पाणी, साखर आणि पावडर मोठ्या पातेल्यात एकत्र उकळताना दिसतात, मग आपल्याच घरी हा क्रम कशाला, असा प्रश्न योग्य आहे. तिथे चहा मोठ्या प्रमाणावर आणि सतत होत असतो, पावडर सढळ असते, चहा डावाने सारखा ढवळला जातो आणि कापडातून पिळून गाळला जातो. दुधाने अडवलेला अर्क अशा रीतीने वेळ आणि पावडर खर्चून काढला जातो. दोन कपांच्या पातेल्यात तेवढा वेळ दिला तर निम्मा चहा आटतो.

सावधान: दूध पडल्यापासून गाळेपर्यंतची चार-पाच मिनिटे शेगडीसमोरून हलू नये. फोनवर ई-पुस्तकाचे पुढचे प्रकरण वाचत उभे राहणारेही चहा उतू घालवतात. इंडक्शनवर तर उकळी इतकी अचानक चढते, की दूध घातल्यावर तापमान एक पायरी खाली आणणेच शहाणपणाचे आहे.

६. मुरवणे आणि गाळणे

गॅस बंद करावा, वेलदोड्याचे दाणे ताजे ठेचून टाकावेत आणि झाकण ठेवून एक मिनिट थांबावे. वेलदोड्याचा सुगंध लवकर उडतो. सुरुवातीपासून उकळलेला वेलदोडा स्वयंपाकघरभर दरवळतो आणि कपात फारसा उरत नाही. जायफळ आवडत असेल तर तेही याच वेळी, किसणीवर दोनदा फिरवण्याइतकेच घालावे. लवंग, मिरी आणि दालचिनी हे कठीण मसाले मात्र आल्याबरोबर पाण्यात गेले पाहिजेत. सगळे मसाले एकाच वेळी घालण्याचा मोह टाळलेला बरा. दोनपेक्षा जास्त वास झाले की चहाचा स्वतःचा वास शोधावा लागतो.

झाकण एक मिनिटाहून जास्त वेळ ठेवू नये. चोथा चहात पडून राहिला की तुरटपणा वाढत जातो. चहा करून पातेले तसेच झाकून ठेवायचे आणि माणसे येतील तसा गाळून द्यायचा, ही सवय मोडावी. एकदम सगळा गाळून थर्मासमध्ये भरावा.

गाळताना चोथा चमच्याने जोराने दाबू नये. त्यातून निघणारे शेवटचे चार थेंब कडू असतात. कप आधी गरम पाण्याने विसळून घेतले, तर पातळ चिनीमातीच्या कपातही चहा लगेच निवत नाही.

७. गुळाच्या चहाचा वेगळा क्रम

गूळ थोडा आम्लधर्मी असतो, आणि उकळत्या दुधाला तेवढी आम्लताही सोसत नाही. म्हणून साखरेच्या जागी तेवढाच गूळ टाकून वरच्याच क्रमाने जाणाऱ्यांचा चहा फाटतो. इथे क्रम बदलावा लागतो.

पहिली रीत अशी: बिनसाखरेचा चहा पाचव्या टप्प्यापर्यंत नेहमीसारखा करावा, गॅस बंद करावा, उकळी पूर्ण बसू द्यावी आणि मग बारीक चिरलेला गूळ घालून ढवळावा. गूळ विरघळल्यावर भांडे पुन्हा शेगडीवर ठेवू नये. दुसरी रीत अधिक सुरक्षित आहे: पाणी, आले, पावडर आणि गूळ एकत्र उकळून, गाळून कपांत ओतावे आणि वरून वेगळे तापवलेले दूध घालावे. पाहुण्यांसाठी मी दुसरीच रीत सुचवेन, कारण तिच्यात दूध फाटलेच तर एका कपात फाटते, पातेलेभर चहा जात नाही.

गुळाच्या चहासाठी दूध त्याच दिवशीचे असावे. आदल्या दिवशीचे, किंचित आंबूस होऊ लागलेले दूध साखरेच्या चहात निभावून जाते, गुळापुढे टिकत नाही. चिमूटभर खाण्याचा सोडा घालून हे टाळता येते, असे सांगितले जाते. तसे होतेही, पण चहाला सोड्याची चव येते आणि रंग काळपट होतो.

तपासणी: गूळ घालण्यापूर्वी एक चमचा चहा कपात घेऊन त्यात गुळाचा लहान खडा विरघळवून पाहावा. कण दिसू लागले, तर पातेल्यात गूळ घालू नये.

८. दहा जणांचा चहा

दोन कपांच्या मापाला पाचाने गुणणे हीच चूक आहे. मोठ्या पातेल्यात वाफेने जाणाऱ्या पाण्याचा वाटा कमी असतो, म्हणून १५०० मिलीलिटर चहासाठी एकूण १७५० ऐवजी १६५० मिलीलिटर पुरते: पाणी ९०० आणि दूध ७५०. पावडरही २५ ग्रॅमऐवजी २० ते २२ ग्रॅम घ्यावी, कारण एवढा चहा तापायला आणि उकळी यायला जास्त वेळ लागतो आणि अर्क त्या वेळातही उतरत असतो. साखर सरळ गुणून घ्यावी, वेलदोडे मात्र सहा-सातच पुरतात. पाऊण लिटर गार दूध एकदम ओतल्यास पातेले कित्येक मिनिटे कोमट राहते, त्यामुळे दूध वेगळे तापवण्याला इथे पर्याय नाही.

९. पिणे: तापमान आणि वेळ

नुकताच गाळलेला चहा साधारण ८५ अंशांच्या आसपास असतो. ६५ अंशांहून अधिक गरम पेये नेहमी पिणे अन्ननलिकेच्या कर्करोगाच्या दृष्टीने बहुधा घातक आहे, असे वर्गीकरण जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१६ साली केले. चहा जिभेला चटका न देता लागेपर्यंत चार-पाच मिनिटे थांबावे, किंवा बशीत ओतून प्यावे. बशीत चहाचा पृष्ठभाग वाढतो आणि तो लवकर निवतो. फुरका मारून पिण्याला नावे ठेवणाऱ्यांनी ठेवावीत. घोटाबरोबर हवा आत जाते, घोट निवतो आणि वासही चांगला कळतो.

जेवणाला लागून चहा घेऊ नये. चहातील टॅनिन पालेभाज्या आणि डाळींतील लोह शरीरात शोषले जाण्यात अडथळा आणतात. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था यांच्या २०२४ च्या आहारविषयक सूचनांमध्ये जेवणापूर्वी व नंतर किमान एक तास चहा-कॉफी टाळण्यास सांगितले आहे. दिवसाला ३०० मिलीग्रॅमपेक्षा जास्त कॅफिन नको, असेही त्यांत म्हटले आहे. चहाच्या एका कपात ३० ते ६५ मिलीग्रॅम कॅफिन धरले, तर कडक चहाच्या पाचव्या कपाला ही मर्यादा ओलांडली जाते. रात्री झोप लागत नसेल, तर शेवटचा चहा झोपण्यापूर्वी सहा तास आधी घ्यावा.

सावधान: लोहाच्या गोळ्या चहाबरोबर घेऊ नयेत. थायरॉइडची सकाळची गोळीही उपाशीपोटी, फक्त पाण्याबरोबर घ्यावी आणि चहासाठी त्यानंतर अर्धा ते एक तास थांबावे.

सोबत खारी, बटर किंवा बिस्किट असेल, तर ते चहा थोडा निवल्यावर बुडवावे. ग्लुकोज बिस्किट कडकडीत चहात दोन सेकंदांत कोसळते. खारी वरच्या पापुद्र्यांपुरतीच बुडवली तर तळाशी चुरा बसत नाही.

१०. उरलेला चहा, भांडी आणि चोथा

गाळलेला चहा तासाभरात एकदाच गरम करून घेता येतो, तोही मंद आचेवर, न उकळवता. दोन तासांहून अधिक वेळ बाहेर राहिलेला दुधाचा चहा टाकून द्यावा; उन्हाळ्यात तर त्याहूनही आधी. सकाळच्या उरलेल्या चहात नवे पाणी आणि पावडर घालून दुपारचा चहा वाढवणे ही काटकसर चहाच्या मुळावर येते.

पातेल्यावर आणि गाळणीवर चढलेला तपकिरी थर पुढच्या चहाला शिळा वास देतो. पातेल्यात पाणी आणि चमचाभर खाण्याचा सोडा घालून पाच मिनिटे उकळावे व घासून टाकावे; पितळेच्या भांड्याला मात्र तारेची घासणी लावू नये, कल्हई जाते. स्टीलची गाळणी आठवड्यातून एकदा याच पाण्यात बुडवून जुन्या दातब्रशने जाळी घासावी. प्लॅस्टिकच्या गाळणीची जाळी काळी पडली असेल, तर ती बदलावी.

चोथा झाडांना घालायचा असेल, तर आधी दोन पाण्यांनी धुऊन, पिळून आणि वाळवून घ्यावा. दूध-साखरेसह कुंडीत टाकलेल्या चोथ्याला मुंग्या लागतात आणि बुरशी धरते.